नॉर्मन इंग्लंडमधील कॅथीड्रल-बांधणी आणि चर्चसुधारणा

१०६६ मध्ये नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम इंग्लंडचा राजा झाला. त्यानंतरच्या साधारण शंभर वर्षांत इंग्लंडमधले जवळजवळ प्रत्येक कॅथीड्रल आणि मोठे मठ-चर्च पाडून नव्याने बांधले गेले. याच काळात तिथल्या चर्चची व्यवस्थाही बदलली : बिशप कोणी नेमायचा, त्याची गादी कुठे असावी, मठवासींनी कोणत्या नियमाने राहावे, धर्मगुरूने लग्न करावे की नाही, धर्मविषयक खटले कुठे चालावेत. इमारतींचा इतिहास वास्तुकलेच्या ग्रंथांत आणि सुधारणांचा इतिहास चर्चच्या ग्रंथांत अशी वाटणी नेहमी होते. प्रत्यक्षात दोन्ही कामे त्याच माणसांनी, त्याच पैशातून आणि बऱ्याचदा त्याच वर्षी सुरू केली. इमारतीत वेद्या इतक्या का, पूर्वेचे टोक इतके लांब का, कॅथीड्रलला लागून मठाचे अंगण का, याची उत्तरे सुधारणेत मिळतात.

कॅथीड्रल म्हणजे ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते ते. त्याचा इमारतीच्या आकाराशी संबंध नाही. विजयाआधीची काही इंग्लिश कॅथीड्रल लहान गावांत होती आणि नॉर्मन नजरेला ती किरकोळ वाटली. मात्र नवी शैली विजयानेच इंग्लंडमध्ये आली असे नाही. एडवर्ड द कन्फेसरने वेस्टमिन्स्टरचे मठ-चर्च नॉर्मंडीच्या धर्तीवर बांधवून घेतले होते आणि २८ डिसेंबर १०६५ रोजी, म्हणजे विल्यमने जिंकलेल्या हेस्टिंग्जच्या लढाईच्या सुमारे साडेनऊ महिने आधी, त्याचा अभिषेकही झाला होता.

सत्तांतर : १०७० ते १०७६

विल्यमच्या स्वारीला पोप अलेक्झांडर दुसरा याचा पाठिंबा होता. त्याची परतफेड १०७० मध्ये झाली. पोपच्या प्रतिनिधींनी विंचेस्टर येथे परिषद भरवून कँटरबरीचा आर्चबिशप स्टिगंड याला पदच्युत केले. कँटरबरी आणि विंचेस्टर या दोन गाद्या एकाच वेळी ताब्यात ठेवणे आणि पुढे अवैध ठरलेल्या पोपकडून आर्चबिशपपदाचे चिन्ह घेणे, असे आरोप त्याच्यावर होते. त्याच्या जागी लॅनफ्रँक आला. तो इटलीतल्या पाविया गावचा, बेक मठाचा माजी प्रायर, म्हणजे मठाचा दुय्यम प्रमुख, आणि नॉर्मंडीतल्या कान या नगरातील संत एतिएन मठाचा प्रमुख. २९ ऑगस्ट १०७० रोजी त्याचा अभिषेक झाला. त्याचे कॅथीड्रल तेव्हा जळालेल्या अवस्थेत होते. १०६७ च्या आगीने ते खाऊन टाकले होते.

पुढची सहा वर्षे परिषदांची आहेत. १०७२ मध्ये यॉर्कपेक्षा कँटरबरी श्रेष्ठ असे ठरले आणि दोन आर्चबिशपांच्या प्रांतांची सीमा हंबर नदीवर मानली गेली. १०७५ च्या लंडन परिषदेने बिशपच्या गाद्या खेड्यांतून नगरांत हलवण्यास मान्यता दिली : शेरबॉर्नहून ओल्ड सेरमला, सेल्सीहून चिचेस्टरला, लिचफील्डहून चेस्टरला. डॉर्चेस्टरची गादी याआधीच लिंकनला गेली होती. एल्महॅमची आधी थेटफर्डला आणि शतकाच्या अखेरीस नॉरिचला गेली. गादी हलली की नवे कॅथीड्रल बांधणे ओघानेच आले, आणि ते बहुधा राजाच्या किल्ल्याशेजारी. लिंकन, ओल्ड सेरम आणि डरम येथे हे शेजारपण अगदी उघड दिसते.

१०७६ च्या विंचेस्टर परिषदेचा विवाहविषयक ठराव बारकाईने पाहण्याजोगा आहे. कॅथीड्रल व मोठ्या चर्चमधल्या कॅननांनी, म्हणजे मठवासी नसलेल्या सेवक धर्मगुरूंनी, पत्नी ठेवू नये. खेड्यातल्या ज्या धर्मगुरूंची लग्ने आधीच झाली आहेत त्यांनी पत्नीला सोडण्याची गरज नाही. मात्र यापुढे विवाहित माणसाला दीक्षा देऊ नये. रोममध्ये पोप ग्रेगरी सातवा याहून कडक भूमिका घेत होता. लॅनफ्रँकने अंमलबजावणी होण्यासारखा नियम केला, आणि माझ्या मते सुधारक म्हणून त्याची खरी ताकद इथेच दिसते. तरीही खेड्यापाड्यांत विवाहित धर्मगुरू पुढे कित्येक पिढ्या राहिले. लॅनफ्रँकनंतरचा आर्चबिशप ॲन्सेल्म याला ११०२ च्या वेस्टमिन्स्टर परिषदेत हाच विषय अधिक कडकपणे पुन्हा काढावा लागला.

विल्यमच्या एका आज्ञापत्राने धर्मविषयक खटले स्थानिक लोकांच्या सभेच्या न्यायालयातून काढून बिशप व आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा अधिकारी, यांच्याकडे दिले. प्रत्येक धर्मप्रांतात आर्चडीकनची यंत्रणा उभी राहिली. बिशपची न्यायसभा, धर्मप्रांताच्या बैठका आणि मोठ्या सणांच्या मिरवणुका यांना जागा लागत होती. नव्या कॅथीड्रलांच्या लांबलचक नेव्हचा, म्हणजे पश्चिमेकडच्या मुख्य दालनाचा, एक उपयोग हाही होता.

राजा मात्र सुधारणेला एका मर्यादेपर्यंतच वाट देत होता. आपल्या संमतीशिवाय पोपची पत्रे देशात येऊ नयेत, परिषदांचे ठराव लागू होऊ नयेत आणि आपल्या सरदारांना बहिष्कृत करू नये, असे विल्यमचे नियम होते. १०८० मध्ये ग्रेगरीने निष्ठेची शपथ मागितली तेव्हा त्याने ती नाकारली. रोमला जाणारी वर्षासनाची रक्कम मात्र पाठवली. बिशपला अंगठी आणि दंड (काठी) ही पदाची चिन्हे राजाने द्यावीत की नाही, या वादात ॲन्सेल्म दोनदा देशाबाहेर राहिला. ११०७ मध्ये तडजोड झाली : राजा हेन्री पहिला याने अंगठी-दंड देण्याचा हक्क सोडला, पण जमिनीसाठी बिशपकडून निष्ठा घेण्याचा हक्क ठेवला. बांधकामाच्या दृष्टीने हा दुसरा भाग महत्त्वाचा ठरला. बिशप मेला की गादी रिकामी ठेवून तिचे उत्पन्न राजा घेत असे आणि तेवढा काळ पैशाअभावी परांच्या ओस पडत.

मठवासी की कॅनन

कॅथीड्रलच्या सेवेत मठवासी ठेवण्याची पद्धत इंग्लंडची जुनी खासियत होती. विजयापूर्वी ती कँटरबरी, विंचेस्टर, वुस्टर अशा मोजक्या ठिकाणी होती. नॉर्मनांनी ती मोडण्याऐवजी वाढवली, कारण बरेच नवे बिशप स्वतः मठातून आलेले होते. रॉचेस्टर, डरम, नॉरिच, बाथ, कॉव्हेंट्री आणि ११०९ मध्ये ईली अशी भर पडत गेली. इंग्लंडमधील एकूण १७ धर्मप्रांतांपैकी ९ मध्ये अखेर बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमाने राहणाऱ्या, मठवासींचे कॅथीड्रल होते. लॅनफ्रँकने कँटरबरीसाठी दैनंदिन आचाराची लेखी नियमावली केली आणि ती इतर मठांतही गेली.

डरमचे उदाहरण सर्वांत ठळक आहे. संत कथबर्टच्या अस्थींची सेवा तिथे बायकामुले असलेले धर्मगुरू वंशपरंपरेने करीत होते. १०८३ मध्ये बिशप विल्यम ऑफ सेंट कॅले याने त्यांच्यापुढे पर्याय ठेवला : मठवासी व्हा, नाहीतर जा. फक्त त्यांचा प्रमुख थांबला, आणि तोही आपल्या मठवासी मुलाच्या आग्रहामुळे. जॅरो व वेअरमथ येथून आलेल्या २३ मठवासींनी ती जागा घेतली. दहा वर्षांनी नव्या कॅथीड्रलचा पाया घातला गेला. ज्यांनी कथबर्टच्या अस्थी कित्येक पिढ्या सांभाळल्या त्यांना घरे सोडावी लागली, ही किंमत त्या इमारतीच्या इतिहासातून वगळता येत नाही.

सॉल्झबरी (म्हणजे ओल्ड सेरमची गादी), लिंकन, यॉर्क येथे कॅननांची व्यवस्था राहिली. तिथे चार पदे निश्चित होत गेली : डीन हा प्रमुख, प्रीसेंटर गायन व उपासनेचा, चॅन्सेलर शाळा व पत्रव्यवहाराचा, आणि ट्रेझरर पात्रे, वस्त्रे व मेणबत्त्यांचा. प्रत्येक कॅननला जमिनीचे स्वतंत्र उत्पन्न होते आणि त्याचे घर वेगळे. म्हणून अशा ठिकाणी सामायिक शयनगृह व भोजनगृह लागत नसे.

आराखडा

नॉर्मन कॅथीड्रल क्रूसाच्या आकाराचे असते. पश्चिमेला लांब नेव्ह आणि तिच्या दोन्ही बाजूंना अरुंद बाजूदालने, मध्ये आडवा भाग, छेदावर मनोरा, पूर्वेला गायकवृंदाची जागा आणि मुख्य वेदी. गायकवृंदाची आसने छेदाखाली किंवा नेव्हच्या पहिल्या गाळ्यांपर्यंतही (गाळा म्हणजे लागोपाठच्या दोन खांबांमधला भाग) येत. तिथे दगडी आडभिंत घालून मठवासी आणि लोक वेगळे केले जात.

पूर्व टोकाचे दोन प्रकार होते. कान येथील नमुन्याप्रमाणे काही ठिकाणी पायरीपायरीने मागेपुढे ठेवलेले अर्धगोल गाभारे असत. विंचेस्टर, वुस्टर, ग्लॉस्टर, नॉरिच येथे मुख्य वेदीमागून फिरणारा प्रदक्षिणामार्ग आणि त्याला फुटलेली छोटी प्रार्थनागृहे होती. अकराव्या शतकात अधिकाधिक मठवासी दीक्षित धर्मगुरू होऊ लागले. प्रत्येकाने मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, करायची तर वेद्या जास्त लागतात. आडव्या भागातली आणि मार्गाभोवतीची प्रार्थनागृहे त्यासाठी आहेत. संतांच्या अस्थींजवळ येणाऱ्या यात्रेकरूंना मार्गाने फिरवून बाहेर काढता येई आणि गायन चालू राही. रविवारची मिरवणूकही याच वाटेने वेद्यांवर पाणी शिंपडत जाई. लॅनफ्रँकचे कँटरबरी सात वर्षांत उभे राहिले, पण त्याचे पूर्व टोक मठवासींच्या वाढत्या संख्येला अपुरे पडले. ॲन्सेल्मच्या काळात, १०९६ च्या सुमारास, प्रायर अर्नल्फने ते पाडून खाली मोठे तळघर असलेला नवा भाग सुरू केला आणि प्रायर कॉनराडने तो पुरा केला. त्याचा अभिषेक ११३० मध्ये झाला.

भिंत तीन मजल्यांची असते : खाली कमानींची रांग, मध्ये बाजूदालनाच्या छतावरचा सज्जा, वर खिडक्यांचा मजला. खिडक्यांच्या मजल्यावर भिंतीच्या जाडीतूनच एक अरुंद वाट जाते. या वाटेमुळे देखभाल सोपी होते आणि वरच्या भिंतीचे वजनही कमी होते.

दगड, चुना आणि कामाचा हंगाम

दगड कुठून आणायचा हा पहिला प्रश्न असे, कारण बैलगाडीने काही मैल नेले तरी वाहतूक दगडापेक्षा महाग पडे. म्हणून पाण्याची वाट शोधली जाई. नॉर्मंडीतल्या कान येथील फिकट, मऊ पोताचा चुनखडक कँटरबरीत आणि नॉरिचमध्ये जहाजाने येई. नॉरिचला वेन्सम नदीपासून बांधकामाच्या जागेपर्यंत कालवा खणला होता. विंचेस्टरला आइल ऑफ वाइटवरचा क्वार दगड आला, ईली व पीटरबरोला बार्नॅकचा. डरमने जवळचाच वालुकाश्म वापरला. सेंट ऑल्बन्स येथे मठप्रमुख पॉल ऑफ कान याने व्हेरुलेमियम या उजाड रोमन नगराच्या विटा काढून वापरल्या आणि वरून गिलावा केला. १०७७ मध्ये सुरू झालेल्या त्या कामाचा मनोरा अजून उभा आहे. अकराव्या शतकातला छेदावरचा मोठा मनोरा म्हणून इंग्लंडमध्ये टिकलेला तो एकमेव. त्या काळी हे मठ-चर्च होते. कॅथीड्रल ते १८७७ मध्ये झाले.

भिंत म्हणजे दोन बाजूंना घडीव चिऱ्यांचे थर आणि मधे रोडे व चुन्याचा भराव. जाडी अनेक ठिकाणी दोन मीटरच्या आसपास. चिरे कुऱ्हाडीसारख्या धारदार हत्याराने तिरक्या घावांत तासलेले असतात. ते तिरके घाव आजही उजेड बाजूने पडला की स्पष्ट दिसतात. सुरुवातीच्या कामात दरजा रुंद आहेत. ११०० नंतर चिरे इतके काटेकोर होऊ लागले की ओल्ड सेरम येथील बिशप रॉजरच्या बांधकामाविषयी त्या काळचा इतिहासकार विल्यम ऑफ माम्झबरी लिहितो, सगळी भिंत एकाच दगडाची वाटावी. दरजांची रुंदी पाहून काम कोणत्या पिढीचे हे बऱ्यापैकी ओळखता येते.

चुनकळी भिजवून, वाळू मिसळून केलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू घट्ट होतो. भिंत जितकी जाड तितकी हवा आत उशिरा पोहोचते. भराव कित्येक वर्षे कच्चा राहतो. म्हणून एका वर्षात मोजकेच थर चढवायचे आणि मग त्यांना बसू द्यायचे, हा शहाणा क्रम. थंडीत ओला चुना गोठला की फुगून भुगा होतो, त्यामुळे शरद ऋतूत काम थांबे आणि भिंतीच्या माथ्यावर पेंढा व शेण घालून ती झाकली जाई. हिवाळ्यात पाथरवट आडोशाला दगड घडवीत.

बांधकाम पूर्वेकडून सुरू होई, म्हणजे मुख्य वेदी लवकर वापरात येते. पुढे छेदाचे खांब, आडवा भाग आणि नेव्हचे दोन-तीन गाळे एकत्र चढवीत. हे गाळे आधीच बांधावे लागत, कारण छेदावरच्या मनोऱ्याचा रेटा पश्चिमेला त्यांच्यावरच जातो. जुने चर्च शक्य तोवर शेजारी वापरात ठेवीत. विंचेस्टरला काम १०७९ मध्ये बिशप वॉल्कलिनने सुरू केले. ८ एप्रिल १०९३ रोजी मठवासी नव्या इमारतीत गेले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये संत स्विदनच्या अस्थी हलवल्यावर दुसऱ्याच दिवशी जुने कॅथीड्रल पाडायला घेतले. त्याचा आराखडा आज बाजूच्या हिरवळीवर विटांनी आखलेला आहे. नवे कॅथीड्रल सुमारे १६२ मीटर लांब होते. त्या काळच्या युरोपातल्या सर्वांत लांब चर्चांपैकी ते एक होते.

सर्वांनाच हे पाडणे सुखाचे नव्हते. वुस्टरचा वुल्फस्टन हा गादीवर टिकून राहिलेला इंग्लिश बिशप. १०८४ मध्ये त्याने स्वतःच नवे कॅथीड्रल सुरू केले, आणि जुन्याचे छप्पर उतरवताना तो रडला, असे त्याच्या चरित्रात नोंदवले आहे. त्याचे तळघर आजही पाहता येते.

डरम आणि फासळीदार छत

पहिल्या पिढीतल्या बहुतेक कॅथीड्रलांच्या नेव्हवर लाकडी छतच होते. दगडी छत बाजूदालनांपुरते असे, आणि तेही दोन अर्धगोल छते काटकोनात छेदून केलेले. या प्रकारात छेदाच्या कर्णरेषेवरचे चिरे घडवणे अवघड जाते आणि गाळा चौरस नसेल तर कमानींची उंची जुळत नाही. लाकडी छत आगीला बळी पडते, हे मात्र सगळ्यांनी पाहिले होते.

डरमचा पाया ११ ऑगस्ट १०९३ रोजी घातला गेला. सगळी इमारत दगडी छताची करायची असे तिथे ठरले, आणि ते साधले. आधी कर्णरेषेवर दगडी फासळ्या लाकडी साच्यांवर उभारायच्या, मग फासळ्यांमधली पोकळी हलक्या पातळ दगडांनी भरायची. साचे कमी लागतात, आणि कर्णावरची अवघड कडा फासळीखाली झाकली जाते. उंचीचा प्रश्न असा सुटला : कर्णाचा विस्तार आडव्या कमानीपेक्षा मोठा, म्हणून कर्ण अर्धवर्तुळ ठेवला की तो जास्त उंच जातो, आडवी कमान टोकदार केली की ती त्या उंचीला पोहोचते. नेव्हमध्ये आडव्या कमानी फक्त मोठ्या जोडखांबांवर आहेत आणि दोन कमानींच्या मध्ये फासळ्यांच्या दोन जोड्या बसवल्या आहेत. छत जमिनीपासून सुमारे २२ मीटर उंच आहे. सज्जाच्या छपराखाली, खालून न दिसणाऱ्या, पाव-वर्तुळाच्या कमानी भिंतीला टेकलेल्या आहेत.

जोडखांबांमध्ये सुमारे दोन मीटर व्यासाचे गोल खांब आहेत. त्यांच्यावर नागमोडी, शंकरपाळी आणि मळसूत्री रेषा खोल कोरलेल्या आहेत. नक्षी चिऱ्याचिऱ्यावर आधी कोरून मग चिरे रचले. प्रत्येक चिरा साच्याबरहुकूम घडल्याशिवाय रेषा पुढच्या चिऱ्यावर जुळणार नाही. इतकी शिस्त तिथल्या पाथरवटांच्या अड्ड्यात होती, याचा याहून चांगला पुरावा नाही.

पैशाची व्यवस्थाही डरममध्ये नोंदलेली आहे. ठरल्याप्रमाणे चर्च बिशपने आणि मठाच्या इमारती मठवासींनी बांधायच्या होत्या. १०९६ मध्ये बिशप वारला तेव्हा मठवासींनी आपल्या इमारती थांबवून चर्चचे काम चालू ठेवले. पुढचा बिशप रॅनल्फ फ्लँबार्ड याच्या काळात वेदीवरच्या आणि दफनभूमीच्या दानावर कामाची गती ठरे : दान जास्त तर काम जास्त. ११०४ मध्ये कथबर्टच्या अस्थी नव्या वेदीमागे आणल्या गेल्या. ११२८ ते ११३३ या काळात गादी रिकामी असताना मठवासींनी नेव्ह पुरी केली. वरच्या छताचा पूर्वेकडचा पहिला प्रयोग मात्र टिकला नाही. १२३५ पर्यंत त्याला धोकादायक भेगा पडल्या होत्या आणि तेराव्या शतकात ते बदलावे लागले.

काय ढासळले आणि का

नॉर्मन इमारती भक्कम दिसतात, पण त्यांचा दोष त्यांच्या जाडीतच आहे. आतला भराव घट्ट झाला नाही तर तो खाली बसतो; मग सगळे वजन बाहेरच्या घडीव चिऱ्यांच्या पातळ आवरणावर येते आणि ते फुगून फुटते. सर्वाधिक वजन छेदाच्या चार खांबांवर असल्याने मनोरेच आधी पडतात.

विंचेस्टरचा मनोरा ११०७ मध्ये कोसळला. त्याखाली ११०० मध्ये राजा विल्यम रूफसला पुरले होते, म्हणून लोकांनी दोष त्याच्या पापांना दिला. विल्यम ऑफ माम्झबरीने तेव्हाच लिहून ठेवले की बांधकाम कच्चे असल्याने तो एरवीही पडला असता. मनोरा पुन्हा बांधताना छेदाचे खांब इतके जाड केले की त्यांनी आजूबाजूची वाट अडवली. आडव्या भागात आजही दोन्ही कामे शेजारीशेजारी दिसतात : जुने रुंद दरजांचे, नवे बारीक दरजांचे. ईलीचा मनोरा १३२२ मध्ये पडला आणि त्या जागी अष्टकोनी लाकडी कंदिलासारखा प्रसिद्ध माथा उभा राहिला. चिचेस्टरचा शिखर-मनोरा तर २१ फेब्रुवारी १८६१ रोजी उभ्याचा उभा आत खचला. पंधराव्या शतकातल्या शिखराचे वजन बाराव्या शतकातल्या भरावाच्या खांबांवर होते आणि त्यांना टेकलेली दगडी आडभिंत नुकतीच काढली गेली होती. पीटरबरोचा मनोरा १८८० च्या दशकात पडण्याआधीच उतरवून पुन्हा बांधला.

दुसरे कारण जमीन. विंचेस्टर नदीखोऱ्यातल्या ओल्या पीटच्या थरांवर आहे आणि पाणी वरच लागते. तेराव्या शतकात पूर्वेला वाढवलेला भाग लाकडी ओंडक्यांवर टेकवला होता. तो खचू लागल्यावर १९०६ ते १९११ या काळात विल्यम वॉकर या पाणबुड्याने काळोख्या पाण्यात उतरून पायाखाली काँक्रीटच्या पिशव्या आणि ठोकळे रचले. डरममध्ये बिशप ह्यू द पुइझे याने पूर्वेला नवे प्रार्थनागृह बांधायला घेतले तेव्हा भिंती तडकल्या. शेवटी ते पश्चिम टोकाला बांधावे लागले.

शैलीचा शेवट

५ सप्टेंबर ११७४ रोजी कँटरबरीत कॉनराडचा पूर्व भाग जळाला. दुरुस्तीसाठी आलेल्या विल्यम ऑफ सेन्सने फ्रान्समधली नवी गॉथिक रीत आणली. ११७८ मध्ये परांचीवरून पडून तो जायबंदी झाल्यावर विल्यम नावाच्याच एका इंग्लिश कारागिराने काम पुढे नेले. तिथला मठवासी जर्व्हेस याने जुन्या आणि नव्या कामाची तुलना लिहून ठेवली आहे : जुने कोरीव काम कुऱ्हाडीचे, नवे छिन्नीचे, जुने खांब आखूड, नवे उंच, आधी गुळगुळीत छत, आता फासळ्यांचे. ज्या कँटरबरीत लॅनफ्रँकने सुरुवात केली त्याच आवारात, खालच्या तळघरात आणि पूर्वेकडच्या बाहेरच्या भिंतींत, अर्नल्फ व कॉनराडचे काम अजून टिकून आहे. नेव्ह पाहायची तर डरम, ईली, पीटरबरो आणि नॉरिच. पहिल्या पिढीची ओबडधोबड ताकद पाहायची तर विंचेस्टरचा आडवा भाग.